नागपूर ते स्पिती: चार हजार मीटरच्या वरच्या खडकाळ पायवाटेवर माउंटन बाइक चालवायची तयारी

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यातलं काझा सुमारे ३,६५० मीटरवर, लांगझा आणि हिक्किम ४,४०० च्या आसपास, कोमिक त्याहूनही वर. नागपुरात हवेचा दाब साधारण ९७७ हेक्टोपास्कल असतो, ४,५०० मीटरवर तो ५७७ च्या जवळपास येतो. म्हणजे तिथे घेतलेल्या एका श्वासात नागपूरच्या श्वासातला जेमतेम ५९ टक्के प्राणवायू. मे महिन्याच्या ४४-४५ अंशांत सायकल हाणणाऱ्याचे पाय दणकट असतात यात वाद नाही, पण उन्हाची सवय म्हणजे उंचीची सवय नव्हे. पाय 'चल' म्हणतात आणि डोकं दुखायला लागतं, ही तिथली नेहमीची अडचण.

या लेखासाठी धरलेली वाट अशी: कोमिक, डेमुल, लालुंग आणि धनकर या गावांना जोडणारी जुनी पायवाट. माणसं, याक, गाढवं आणि शेळ्या यांनी मळलेली. कुठे कुरणातून मऊ, कुठे हातभर रुंद आणि सुट्या दगडांनी भरलेली, कुठे सरळ सायकल खांद्यावर घ्यायला लावणारी. लडाखला जाणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

महिना कोणता

सप्टेंबर. स्पिती पर्जन्यछायेत असल्याने तिथे पाऊस कमी, पण तिथवर नेणारा किन्नौरचा रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये दरडींमुळे वारंवार बंद पडतो. सप्टेंबरात दरडी कमी होतात, ओढ्यांचं पाणी उतरतं, वाट कोरडी असते. रात्री पारा शून्याच्या आसपास येऊ शकतो. ऑक्टोबरात वरच्या गावांत बर्फ कधीही पडू शकतं, म्हणून तो टाळावा.

आधीचे दहा आठवडे, नागपुरात

सप्टेंबर धरला की सराव जुलै-ऑगस्टमध्ये येतो. काळी माती या दिवसांत टायरला अशी चिकटते की दोनशे मीटरमध्ये चाक फिरायचं थांबतं, मग डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत, गोळा अडकून हँगर (ती फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) वाकतो. तेव्हा पावसानंतरचे दोन दिवस मुरमाच्या वाटा आणि डांबरच बरे. सेमिनरी हिल्सचा चढ छोटा आहे, पण दहा-बारा वेळा चढला की कामाचा होतो. रामटेकला गडमंदिराच्या टेकडीवर जाणारा रस्ता त्याहून बरा. महिन्यातून एकदा परतवाड्याकडून चिखलदऱ्याचा घाट करावा. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे, म्हणजे उंचीचा सराव तिथे होत नाही. होतो तो सलग दोन-अडीच तास एकाच लयीत चढण्याचा, आणि तो हवाच. मेळघाटातल्या जंगलवाटांवर मात्र सायकल घालू नये, तो व्याघ्र प्रकल्प आहे. रस्त्यावरच राहावं.

आठवड्याचा हिशेब असा बसवावा: दोन दिवस चढाचे तुकडे (आठ मिनिटं जोरात, चार मिनिटं हळू, असे पाच), एक दिवस चार-पाच तासांची संथ फेरी, आणि दोन दिवस सायकल न चालवता पायांचं काम. पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन जिना चढणे, अर्धा तास. बहुतेक जण हाच भाग गाळतात. वर गेल्यावर मात्र दिवसातला तिसरा हिस्सा तरी सायकल ढकलण्यात जातो, आणि ढकलताना लागणारे पोटऱ्यांचे आणि खांद्यांचे स्नायू पॅडल मारून तयार होत नाहीत. जिना चढताना अधूनमधून सायकल उचलूनही बघावी: फ्रेमची खालची नळी सॅकवर टेकवायची, एक हात फोर्कला (पुढचं चाक धरणारा दुशाखा), दुसरा क्रँकजवळ, म्हणजे पॅडलच्या दांड्याजवळ. हे अंगणात जमलं नाही तर ४,६०० मीटरवर जमणार नाही.

जाण्यापूर्वी एक रक्ततपासणी

विदर्भातल्या वाचकासाठी हे वेगळं लिहायला हवं. आपल्याकडे सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे, आणि 'एएस पॅटर्न' असलेल्या म्हणजे वाहक असलेल्या माणसाला नागपुरात आयुष्यभर काहीही जाणवत नाही. पण कमी प्राणवायू, शरीरातलं घटलेलं पाणी आणि जोराचे श्रम एकत्र आले की वाहकालाही प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र कळ येणं ही त्याची खूण. सोल्युबिलिटी चाचणी साधी आहे. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्यावी. 'एसएस', म्हणजे प्रत्यक्ष आजारच असेल, तर ही सहल नकोच. 'एएस' असेल तर डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं, आणि सोबत्यांना ते माहीत असावं.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, याबद्दलही त्याच भेटीत विचारावं. प्रतिबंधासाठी सर्वसाधारण मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उंचीवर जाण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं. या गोळीने लघवी जास्त होते आणि बोटांना मुंग्या येतात. त्या मुंग्यांना हँडलची पकड चुकली असं समजून वर बसून ग्रिप फिरवत राहू नये.

सायकल: काय हवं, काय नको

फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे झटके शोषणारी सोय, हवंच असं नाही. १२० ते १४० मिमीचा फोर्क असलेली चांगली हार्डटेल (मागे शॉक नसलेली) चालते, वजनाला हलकी असते आणि खांद्यावर घ्यायला सोपी. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मात्र हवेतच, पुढचा रोटर (ब्रेकची तबकडी) किमान १८० मिमीचा. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे बटणाने सीट खाली-वर करणारी नळी, असेल तर उत्तम, नसेल तर उतारापूर्वी सीट हाताने खाली करायची सवय लावावी.

गिअरचं गणित कागदावर करून बघावं, कारण तिथे हलका गिअर हाच खरा इंजिन असतो. २९ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२९ मीटर. पुढे ३२ दाते आणि मागे ४२ असले तर क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल १.७४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी ६.३ किलोमीटर. ४,५०० मीटरवरच्या चढाला हा वेग जास्त आहे. दम लागून उतरावंच लागेल. पुढे ३० आणि मागे ५१ केलं तर तेच ६० फेरे ताशी ४.८ किलोमीटर देतात. मागची कॅसेट (दात्यांच्या चकत्यांचा संच) बदलणं महाग पडत असेल तर निदान पुढची चकती दोन दात्यांनी लहान करावी, तो खर्च फारसा नाही. साखळीची लांबी मात्र तपासून घ्यावी.

टायर आणि हवा

टायर २.३५ ते २.४ इंच, बाजू जाड असलेले, ट्यूबलेस. स्पितीत टायरची बाजू फाटते ती शेल खडकाच्या पातळ, धारदार पाट्यांनी. काट्यांनी होणारं पंक्चर आपल्याकडच्या बाभळीचं. तिथलं नुकसान कापल्यासारखं असतं. सीलंट, म्हणजे आतून छिद्र बुजवणारं द्रव, एका टायरमध्ये ९० ते ११० मिलिलिटर. नागपूरच्या उन्हाळ्यात ते दोन महिन्यांत वाळून रबराचे गोळे होतात, म्हणून एप्रिलमध्ये भरलेलं सीलंट सप्टेंबरात चालेल या भरवशावर राहू नये. निघण्याच्या आठवडाभर आधी टायर उघडून, गोळे काढून, नवं भरावं.

आता हवेचा दाब. ७० किलोचा माणूस आणि आठ किलोची सॅक धरली तर पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करावी. पण हा दाब नागपुरात भरून तसाच वर नेला तर तो तोच राहत नाही. टायरमधली हवा तेवढीच असते, बाहेरचा दाब कमी होतो, त्यामुळे गेजवरचा आकडा चढतो. नागपुरातले २४ पीएसआय ४,५०० मीटरवर जवळजवळ ३० दाखवतील. मात्र तापमान उतरतं तसा आतला दाबही उतरतो: ३५ अंशांची हवा १० अंशांवर आली की त्यातले तीनेक पीएसआय परत जातात, आणि हाती राहतात साधारण २७. सकाळच्या थंडीत गेज बरोबर दाखवतं आणि दुपारच्या उन्हात टायर दगडावरून उडायला लागतो, त्याचं कारण हेच. म्हणून डिजिटल गेज सोबत ठेवावं आणि रोज, सायकल सावलीत असताना, निघण्यापूर्वी दाब बघावा. अंगठ्याने दाबून अंदाज घेणाऱ्यांची तिथे हमखास फसगत होते.

हातपंपाबद्दलही एक गोष्ट आधी कळलेली बरी. पातळ हवेत प्रत्येक झटक्याला हवा कमी भरते. नागपुरात १५० झटक्यांत भरणारा टायर तिथे २५० च्या आसपास झटके मागतो, आणि ते मारणाऱ्याचा दमही आधीच गेलेला असतो. तिथे पंप आळीपाळीने चालवावा. गॅसच्या नळकांड्यांवर भिस्त ठेवू नये. विमानात त्यांच्यावर बंधनं असतात आणि काझ्यात त्या मिळतील असं धरून चालता येत नाही.

फोर्क आणि ब्रेक

फोर्कच्या खालच्या नळ्यांमध्ये नागपूरच्या दाबाची हवा कोंडलेली असते. वर गेल्यावर ती फुगते आणि फोर्क आखडल्यासारखा वाटतो, छोटे दगड हाताला लागायला लागतात. काही फोर्कना मागे हवा सोडायचं बटण असतं, ते दाबावं. नसेल तर पातळ झिप टाय वरच्या डस्ट सीलच्या कडेखाली अलगद सरकवून हवा सोडता येते. झिप टायची कड गुळगुळीत असावी, नळीवर ओरखडा पडला तर सील गळायला लागतं. सॅगही, म्हणजे अंगाच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं तेही, सॅक पाठीवर घेऊन पुन्हा मोजावा: पुढे २० टक्के, मागे शॉक असेल तर २८ ते ३०.

ब्रेक निघण्यापूर्वी ब्लीड करून, म्हणजे तेलातली हवा काढून घ्यावेत. लाइनमध्ये बारीक बुडबुडा असेल तर नागपुरात तो जाणवत नाही. बाहेरचा दाब कमी झाला की तो फुगतो आणि लिव्हर मऊ पडतं. तेल कोणतं ते लिव्हरवर बघावं. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट (दुसऱ्या प्रकारचं ब्रेक तेल) घातलं की सील फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. उलट केलं तरी तेच. पॅड धातूमिश्रित घ्यावेत, लांब उतारावर रेझिनचे पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात. एक जोड सोबत असावी.

सोबतचं सामान

हँगर हा पहिला. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, दुसऱ्याचा बसत नाही, आणि वाकला की गिअर संपले. त्यानंतर: एक ट्यूब, ट्यूबलेसचे प्लग, व्हॉल्व्हचा कोअर, साखळीचे दोन क्विक लिंक (११ की १२ स्पीड ते बघून), गिअरची एक केबल, चाकाच्या दोन तारा (स्पोक) आणि निपल, शॉक पंप, मल्टिटूल, साखळी तोडायचं हत्यार, झिप टाय, आणि पंपाभोवती गुंडाळलेली दोन मीटर डक्ट टेप. फाटलेल्या बाजूसाठी जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा आतून लावता येतो. मोठी फाट असेल तर जाड सुई आणि डेंटल फ्लॉसने शिवावी, साधा दोरा टिकत नाही.

कपड्यांत नवं काही नाही: थरांचे घालावेत, वाऱ्याला अडवणारं जॅकेट सॅकच्या सगळ्यात वर ठेवावं. अतिनील किरणांची तीव्रता दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढते. नागपूरच्या उन्हात रापलेली कातडीही तिथे दोन तासांत सोलते.

खाण्यात शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, खजूर. संत्रा बर्फी थंडीत छान टिकते, आणि वर काही गोड गिळवत नाही अशा वेळी तिची आंबटसर चव उपयोगी पडते. कोरड्या पिठल्या-भाकरीचा हट्ट घरी ठेवून जावा, गावांतल्या घरी मिळणारा सत्तू, म्हणजे सातूचं भाजलेलं पीठ, चहात कालवून खाल्लं की पोटाला आधार होतो.

सायकल नेणं

नागपूरहून दिल्लीला जाणाऱ्या गाड्यांची कमतरता नाही. सायकल पार्सल कार्यालयातून ब्रेकव्हॅनमध्ये बुक करता येते. वेळेच्या बरंच आधी जावं आणि आपल्याच गाडीने चढते आहे ना हे फलाटावर उभं राहून बघावं. दुकानातून खोका मिळतो. पुढचं चाक, हँडल आणि पॅडल काढायची. डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो, तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. दर वेळी कोणीतरी तिथे पाना वाकवतोच. रोटर काढून कपड्यांत गुंडाळावेत, ब्रेक पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घालावी (नाहीतर लिव्हर दाबलं गेलं की पिस्टन बाहेर येऊन बसतात), डिरेलर सोडून फ्रेमच्या आत बांधावा, फोर्कच्या टोकांमध्ये लाकडी तुकडा अडकवावा.

चढायचा क्रम

मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून एका दिवसात काझा गाठता येतं, आणि तिथेच बहुतेकांचं बिघडतं. मनाली २,०५० मीटर, कुंझुम सुमारे ४,५५०, आणि रात्र थेट ३,६५० वर. नागपुरातून निघून तिसऱ्या रात्री. त्याऐवजी शिमल्याकडून जावं. दोन दिवस जास्त लागतात, पण तेच दिवस वर कामी येतात.

३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, हा वैद्यकीय संकेत. त्यावरून क्रम असा बसतो: कल्पा (२,९६०) दोन रात्री, ताबो (सुमारे ३,२८०) एक रात्र, काझा तीन रात्री. काझ्यातल्या पहिल्या दिवशी सायकल जोडायची आणि गावात फिरायचं, बस. दुसऱ्या दिवशी की गोंपा, म्हणजे की गावचा बौद्ध मठ (४,१६६), आणि परत. तिसऱ्या दिवशी लांगझा, आणि झोपायला पुन्हा काझ्यात. चौथ्या दिवशी हिक्किमला मुक्काम; ही उडी ५०० मीटरहून मोठी आहे, म्हणूनच त्याआधी काझ्यात तीन रात्री. त्यानंतर कोमिकवरून डेमुलचा दिवस. कोमिकच्या पुढे वाट आणखी चढते, आणि त्या चढाला लागेपर्यंत शरीराला उंचीवर आठवडा मिळालेला असतो.

डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर किंवा विचित्र थकवा असेल तर ते उंचीचंच आहे असं धरावं; त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप, खोकल्यात गुलाबी फेस: यापैकी एकही दिसलं तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. सकाळची वाट बघायची नाही. काझ्यात सरकारी दवाखाना आहे, पण प्राणवायू मिळतो म्हणून तिथेच थांबण्यापेक्षा आणखी खाली जाणं हाच खरा इलाज. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सोबत असावा, मात्र ४,००० मीटरवर ८० ते ९० मधला आकडा बऱ्याच धडधाकट माणसांचाही येतो. आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नये.

प्रत्यक्ष वाटेवर

सकाळी लवकर निघावं. बर्फाच्या पाण्याचे ओढे दुपारनंतर वाढतात, आणि वाराही तेव्हाच सुटतो. चढावर वेग ठरवताना हृदयाच्या ठोक्यांचं घड्याळ बाजूला ठेवावं. उंचीवर बसल्या जागचे ठोके वाढतात आणि कमाल ठोके घटतात, त्यामुळे नागपुरात ठरवलेल्या ठोक्यांच्या मर्यादा तिथे खोट्या ठरतात. पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे, हे एकच माप. ढकलताना वीस पावलं आणि चार श्वास, पुन्हा वीस पावलं.

दगडांच्या पायरीवरून जाताना माणूस नकळत श्वास रोखतो. नागपुरात पाच सेकंद श्वास रोखला तर काही बिघडत नाही. तिथे तोच पाच सेकंदांचा हिशेब पुढचे दोन मिनिटं फेडावा लागतो. पायरीवर चाक टेकताना तोंडाने मोठ्याने श्वास सोडायची सवय लावावी. पॅडल पूर्ण फिरवू नये, दगडाला आपटतं. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा अर्धा पुढे.

उतारावर सीट खाली, टाचा खाली, कंबर मागे पण हात पूर्ण ताठ नाहीत. एकच बोट ब्रेकवर. सुट्या शेलच्या घसरणीवर पुढचा ब्रेक अलगद, आणि दाबायचा तो चाक घसरणीत शिरण्यापूर्वी. शिरल्यावर दाबला तर चाक खालच्या बाजूला निघून जातं. एका बाजूला कललेल्या वाटेवर डोंगराकडचं पॅडल वर ठेवावं. अरुंद वळणावर, खाली दरी असेल तर, उतरून सायकल दरीच्या बाजूला धरून चालावं. पडलीच तर ती जाईल. बहुतेक अपघात डेमुलच्या बाजूच्या उतारासारख्या शेवटच्या तासात होतात: दम संपलेला, गाव दिसतंय, आणि मेंदूला प्राणवायू कमी. त्या उतारापूर्वी पंधरा मिनिटं बसून खावं, प्यावं, हवेचा दाब बघावा.

वाटेवर शेळ्यांचा कळप आला तर उतरून डोंगराच्या बाजूला उभं राहावं. शेतांतून, विशेषतः वाटाणा आणि जवाच्या कापणीच्या दिवसांत, सायकल हातात धरूनच न्यावी. आणि चिखल झालेल्या कुरणात चाकाची चाकोरी उमटेल तिथे वळसा न घेता, वाटेवरूनच, ढकलत जावं.

परत आल्यावर

काझ्यात २४ पीएसआयवर बसवलेले टायर नागपुरात उतरतात तेव्हा गेज वीसच्या आसपास दाखवतं. पंक्चर समजून टायर उघडू नये, आधी हवा भरून एक रात्र बघावं. वर फोर्कमधली हवा सोडली असेल तर आता तो उलट आत ओढल्यासारखा वागतो, त्याच बटणाने किंवा झिप टायने बाहेरची हवा आत घ्यावी. स्पितीची धूळ पिठासारखी असते आणि डस्ट सीलच्या आत जाते, म्हणून फोर्कच्या खालच्या नळ्या काढून तेल आणि फोमच्या कड्या बदलाव्यात. दाबाच्या पाण्याने धुऊ नये, ते बेअरिंगमध्ये शिरतं. हँगर सरळ आहे का ते गेजने बघावं. वाटेत वापरला गेला असेल तर दुसरा लगेच मागवून ठेवावा, कारण जुन्या फ्रेमचे हँगर दुकानात सहज मिळत नाहीत.